आधी मुळं बघा

आमच्या नर्सरीत मोठी कुंडी मागायला आलेल्या माणसाला मी दोन गोष्टी विचारते. झाड घरात कुठे ठेवलंय, आणि कुंडी उचलून तिच्या बुडाला काय आहे ते कधी बघितलंय का. पहिल्याचं उत्तर तयार असतं: टीव्हीशेजारी, जिन्याच्या वळणावर, देवघराच्या कोपऱ्यात. दुसऱ्या प्रश्नाला माणसं नुसती हसतात.

मोठी कुंडी हवी असण्याची कारणं साधारण तीन. पानं पिवळी पडतायत, वाढ थांबलीय, किंवा घरात नवा सोफा आलाय आणि जुनी कुंडी त्याच्याशेजारी बरी दिसत नाही. तिसऱ्या कारणावरचा उपाय सगळ्यात सोपा. आहे ती कुंडी तशीच उचलून शोभेच्या कुंडीत ठेवायची, बुडाशी विटेचे दोन तुकडे टाकायचे म्हणजे खाली साचलेल्या पाण्यात ती बसणार नाही, आणि झाडाला यातलं काही कळू द्यायचं नाही. पहिल्या दोन कारणांसाठी मात्र बसून बोलावं लागतं, आणि बोलणं संपेपर्यंत बरेचदा कुंडीची गरजच उरत नाही. कुंड्या विकणाऱ्या बाईने असं वागू नये, असं घरचे म्हणतात. पण रत्नागिरी शहर ते केवढं! वाळलेल्या झाडाची तक्रार घेऊन तोच माणूस मला संध्याकाळी मारुती मंदिरला भाजी घेताना भेटतो.

मी या कामात आले ती आंब्याच्या कलमांमुळे. सासरी कलमांची नर्सरी होती. तेव्हा शोभेची झाडं इथे कोणी विकत घेत नसे. जास्वंद, अनंत, अबोली, कर्दळ या गोष्टी शेजारणीकडून मागून आणायच्या आणि परड्यात खोचायच्या. पैसे मोजायचे ते कलमाला. पावसाच्या तोंडावर कोयी वाफ्यात रुजत घालायच्या. कोंब वर येऊन तांबूस दिसायला लागला की तो पिकून हिरवा व्हायच्या आत, पंधरवड्याच्या आतच, कोयीसकट उपटायचा. वरून छाटून त्याला उभी चीर द्यायची, तिच्यात हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची, प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि पिशवीत लावायचं. हे कोय कलम. त्याआधी भेट कलमं असत. त्यासाठी रोपाची कुंडीच उचलून आंब्याच्या फांदीपर्यंत न्यायची, मांडव घालून तिथे टांगायची किंवा ठेवायची आणि दोघांचं जमेपर्यंत वाट बघायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोय कलमाचा प्रसार केला आणि हे मांडव गेले.

जून ते ऑगस्ट कलमं बांधायची. त्यापुढचं काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण मी शिकले ते त्या कामात. दर थोड्या दिवसांनी प्रत्येक पिशवी उचलून जागची हलवायची. का, तर पिशवीच्या भोकांतून मुळं बाहेर पडतात आणि खालच्या जमिनीत शिरतात. वरून कलम टवटवीत दिसतं, गिऱ्हाईकही खूश होतं, आणि पिशवी उचलताना ती सगळी मुळं तुटतात. घरी नेलेलं कलम चार दिवसांत माना टाकतं. आमच्याकडे एक जुने गडी होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. कलम विकत घ्यायला आलेला माणूस पालवीवरून हात फिरवायला लागला की आबा त्याच्यादेखत पिशवी आडवी करायचे. मला म्हणायचे, “वैनी, वरनं काय नाय कळत. वरनं सगळी सारखीच.”

दुसरी गोष्ट पिशवीच्या आतली. मूळ सरळ खाली जायला बघतं. प्लास्टिक लागलं की ते वळतं, आणि एकदा वळलं की गोल फिरत राहतं. कलम दोन-तीन वर्षं त्याच पिशवीत राहिलं तर सोटमुळाचं वेटोळं होतं आणि ते लाकडासारखं टणक बनतं. नंतर जमिनीत लावलं तरी ते आपणहून सुटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडकडच्या बागा त्याने झोडपल्या. माझं माहेर त्या बाजूचं. जुनी, मोठी झाडं उन्मळली होतीच, त्याला वाऱ्याचं बळ कारण. पण बांधाच्या कडेला काही तरणी कलमं आडवी झालेली होती, त्यांच्या बुडाशी मी वाकून बघितलं. मातीखाली वीतभर रुंदीचं गोल गाठोडं, आणि त्याच्याबाहेर दोन-चार बारीक मुळं. पिशवी लावतानाच फाडून टाकलेली होती. मुळांनी तिचा आकार सोडला नव्हता. म्हणून घरातलं झाड कुंडीतून काढल्यावर मी गोल फिरलेली मुळं तशीच ठेवू देत नाही. बोटांनी सुटतात तेवढी सोडवायची, सुटत नसतील तिथे धारदार सुरीने उभे काप द्यायचे. गिऱ्हाइकांचा जीव वरखाली होतो. होऊ दे.

कुंडीत वाढणाऱ्या झाडाविषयी रत्नागिरीच्या माणसाला नवं काय सांगायचं, असा प्रश्न मला कधीकधी पडतो. कारण इथली कितीतरी कलमं कुंडीतच आहेत. शहराच्या बाहेर पडून जयगडच्या किंवा पावसच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना सडा दिसतो. काळा पडलेला जांभा, त्याच्यावर माती कुठे वीतभर, कुठे तेवढीही नाही. या कातळावर हापूस लावायचा तर आधी सुरुंग लावून खड्डा काढायचा, मीटरभर लांब, रुंद आणि खोल, आणि दुसरीकडून माती आणून तो भरायचा. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना १९९० साली आली आणि अशा खड्ड्यांची संख्या एकदम वाढली. आता विचार करा: दगडाच्या भिंती, बाहेरून आणून भरलेली माती, आत एक झाड. ही कुंडी झाली. फरक एवढाच की ती पालटता येत नाही. जांभ्याला भेगा असतात, त्या भेगांत मूळ शिरलं तर झाड पुढे जातं. जिथे भेग मिळत नाही तिथे कलम वयाने वाढतं आणि घेराने तेवढंच राहतं. शेजारशेजारच्या दोन खड्ड्यांत एकाच दिवशी लावलेली दोन कलमं, एक छपराएवढं आणि दुसरं डोक्याएवढं, हे मी बघितलेलं आहे. खत दोघांना सारखंच, पाणी सारखंच. जाणकार बागायतदार खड्डा काढतानाच बुडाशी पहार मारून बघतो, खाली वाट आहे की नाही. घरातल्या कुंडीच्या बाबतीत ही पहार म्हणजे कुंडी उलटी करून बघणं. ते फुकट आहे आणि पाच मिनिटांचं आहे, तरी कोणी करत नाही.

मग इमारती उभ्या राहिल्या. नाचणे, कुवारबाव, शिरगाव, सगळीकडे फ्लॅट झाले, परडी गेली, आणि माणसं घरात ठेवायला झाडं मागायला लागली. झाडं घरातली हवा शुद्ध करतात म्हणून नासाने १९८९ साली केलेल्या अभ्यासाचं नाव घेऊन येणारेही पुष्कळ. तो अभ्यास हवाबंद खोक्यांमध्ये झाला होता, आणि आपली खिडकी उघडी असते, हे सांगून मी कोणाचा हिरमोड करत नाही. ते हौसेने झाड नेतात, तेवढं पुरे.

ही झाडं इथली नव्हेत. मनीप्लँट पॅसिफिकमधल्या बेटाचा, स्नेक प्लँट पश्चिम आफ्रिकेतला, झेडझेड पूर्व आफ्रिकेतला, पीस लिली अमेरिकेच्या उष्ण जंगलातली. आमच्यापर्यंत येतात ती ट्रकने. काही आंध्रातल्या कडियमहून, गोदावरीकाठच्या त्या गावातून देशभर रोपं जातात. काही पुण्याजवळच्या उरुळी कांचनहून. कडियमच्या झाडाची माती चिकट, गोळा घट्ट. पुण्याकडून येणाऱ्याच्या बुडाशी नुसतं कोकोपीट. हा फरक गिऱ्हाइकाला माहीत नसतो. दोन्ही झाडांना एकाच झारीने, एकाच वेळी पाणी घातलं जातं. चिकट गोळा बाहेरून ओला दिसतो आणि आत कोरडा असतो, कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी पीतच नाही, ते कडेने वाहून जातं. अशा झाडांची कुंडी आणल्याबरोबर पालटावी का? आल्या आल्या नको. ते ट्रकमध्ये अंधारात आलेलं असतं, आमच्या खाऱ्या दमट हवेला सरावलेलं नसतं. पंधरा-वीस दिवस तसंच राहू द्यावं, मग मात्र एकदा काढून बघावं. बऱ्याच रोपांच्या बुडाशी मुळांना आवळून बसलेली प्लास्टिकच्या जाळीची छोटी टोपली निघते. लहान रोप वाढवताना घातलेली असते, ती तशीच राहते. जाळीतून बाहेर आलेलं मूळ जाड झालं की तिथेच आवळलं जातं. कात्रीने ती जाळी हळूच कापून काढणं, एवढ्या एका कामासाठीसुद्धा कुंडी उलटी करणं सार्थकी लागतं.

आता मोठ्या कुंडीचं. मोठ्या कुंडीत झाड मोठं होतं, हे खोटं नाही. जर्मनीत युलिश इथल्या संशोधकांनी जगभरचे प्रयोग एकत्र मांडून २०१२ साली दाखवलं की कुंडीचं आकारमान दुप्पट केलं तर झाडाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी अधिक भरतं. मुळांना भिंत लागली की झाडाला ते कळतं आणि ते हात आखडतं. एक शिक्षक गिऱ्हाईक ही बातमी मला वाचून दाखवायलाच आले होते, बारा इंची कुंडी द्या म्हणून. झाड कुठे आहे, तर जिन्याखाली.

इथेच सगळं अडतं. पाणी ओढतं ते मूळ, पण ओढायला लावतं ते पान, आणि पानाला कामाला लावतो उजेड. प्रयोगातल्या झाडांना उजेड भरपूर असतो, ती कुंडीतलं पाणी संपवतात. जिन्याखालचं झाड दिवसाला चमचाभर पाणी पितं. त्याला मोठ्या कुंडीत घातलं की भोवती जी जादा माती आली तिच्यात मूळ नाही, म्हणजे ती कोणी सुकवत नाही. ओली माती ओलीच राहते, तिच्यातली हवा जाते, आणि मुळं गुदमरून कुजायला लागतात. मुळं कुजली की पान कोमेजतं, पान कोमेजलं की घरातलं माणूस आणखी पाणी घालतं. माझ्याकडे ‘मोठ्या कुंडीत लावूनसुद्धा’ मेलेली म्हणून जी झाडं येतात, त्यांतली जवळजवळ सगळी या वाटेने गेलेली असतात. ‘लावूनसुद्धा’ नव्हे, लावल्यामुळेच. म्हणून माझा हिशेब असा: आहे त्या कुंडीपेक्षा व्यासाने दोन इंच मोठी, त्याहून नाही. अंधाऱ्या जागी एक इंच. आणि झाड खिडकीशी हलवायची तयारी असेल तर मग कुंडीबद्दल बोलू.

कुंडीच्या बुडाशी दगडांचा थर घालण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. चिऱ्याचे तुकडे, फुटकी कौलं, काहीही. पाणी निचरावं म्हणून. प्रत्यक्षात उलटं होतं. बारीक मातीतून पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजी उतरत नाही. माती पुरती भिजून ठिबकायला लागेपर्यंत ते दगडांच्या वरच अडून राहतं. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबलं की उभा करा, आणखी पाणी गळतं. उंची वाढली की पाणी अधिक गळतं. दगडांनी आपण मातीची उंची कमी करतो, आणि ओला थर मुळांच्या जवळ आणतो. भोकावर कौलाचा एक तुकडा, पालथा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी सगळी कुंडी मातीसाठी. हे सांगितलं की वयस्कर मंडळी माझ्याकडे संशयाने बघतात.

मातीचं म्हणाल तर इथली तांबडी माती एकटी कामाची नाही. जमिनीत तिच्यातून पाणी झरझर जातं, कारण खाली जांभा आहे आणि वर मुळं-गांडुळं आहेत. कुंडीत दोन पावसाळ्यांत ती बसते आणि खुरपं टेकत नाही. मी ती तिसरा हिस्सा घेते. तिसरा हिस्सा पुरतं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि उरलेल्यात धुतलेलं कोकोपीट, भाताचं तूस, पातेऱ्याचं खत, जे असेल ते. कोकोपीट धुतलेलं हवं. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर मीठ त्यात उतरतं, आणि पानांच्या कडा करपतात तेव्हा लोक ऊन लागलं समजतात. त्याच कारणासाठी भाट्याच्या किनाऱ्यावरून पिशवी भरून आणलेली वाळू कुंडीत घालू नये. दरवर्षी कोणीतरी घालतंच. रेतीऐवजी चिरेखाणीवरचे बारीक खडे चाळून घेतले तर फुकट मिळतात आणि उत्तम चालतात, फक्त चाळणीखालची भुकटी फेकायची.

वेळेबद्दल माझं आणि पुस्तकांचं पटत नाही. झाडं पावसाळ्यात पालटावीत, असं सरसकट लिहिलेलं असतं. अंगणातल्या झाडाला, कलमाला ते लागू आहे, त्यासाठी मृगच. घरातल्या झाडाला कोकणात ते लागू नाही. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आषाढात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, दोरीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओला. अशा हवेत आठवडा आठवडा उजेड नसताना मुळं दुखावलेलं झाड नव्या ओल्या मातीत ठेवायचं, म्हणजे ती माती सुकणार कधी? मी घरातली झाडं दोन वेळांना पालटते. एक शिमग्यानंतर, ऊन चढायला लागतं आणि झाडं नवीन पान काढायच्या तयारीत असतात तेव्हा. दुसरी गणपती गेल्यावर, पाऊस ओसरून आभाळ उघडतं तेव्हा. थंडी म्हणावी अशी थंडी इथे पडत नाही, त्यामुळे ऑक्टोबरात पालटलेल्या झाडाला मुळं धरायला वेळ मिळतो. नाशिक-पुण्याकडच्या माणसाने हे वेळापत्रक तसंच उचलू नये, त्यांच्याकडची डिसेंबरातली रात्र वेगळी.

नेमक्या याच दोन सणांना मुंबईचे चाकरमानी येतात आणि जाताना गाडीत झाडं भरतात. त्यांची घाई अशी की आत्ताच्या आत्ता सुबक कुंडीत लावून द्या, पोचल्यावर गॅलरीत ठेवायला सोपं. मी देत नाही. नुकती सैल केलेली माती घाटातल्या वळणांवर हलत राहते आणि पाणी शोषणारे केसांएवढे तंतू तुटत राहतात. पिशवीतलंच न्या, कुंडी वेगळी न्या, तिकडे पोचून आठवड्याने लावा. “काकी, तुम्ही म्हणजे ना!” असं म्हणत नेतात.

खुणा बघायच्या त्या या. पाणी घातल्याबरोबर सरळ बुडातून बाहेर येतं, माती भिजतच नाही. काल पाणी घातलं आणि आज पान लोंबतंय. भोकातून मुळं डोकावतायत. नवं पान आधीच्या पानापेक्षा लहान येतंय, एकदा नव्हे, सलग. यातली एक खूण दिसली म्हणून लगेच खुरपं उचलू नये. आदल्या संध्याकाळी पाणी घालून ठेवावं, सकाळी बुंधा दोन बोटांत धरून मातीवर पंजा ठेवावा, कुंडी उलटी करावी आणि तिची कड ओट्याच्या काठावर हलकेच आपटावी. गोळा अख्खा बाहेर आला आणि त्याच्याभोवती पांढरी किंवा पिवळसर, टणक मुळं दाट दिसली, तर कुंडी लहान पडलीय. माती भुरभुरून गळून पडली, तर अजून वर्ष आहे, तशीच परत ठेवा. मुळं तपकिरी, बोटात धरली की साल निसटून आतला दोरा हातात येतो, वासही येतो, तर मोठी कुंडी सोडाच, लहान कुंडी घ्या. कुजलेलं सगळं कापून, जेवढं मूळ उरलं तेवढ्या मापाची. हे शेवटचं ऐकून माणसं गोंधळतात. आजारी झाडाला चांगलं मोठं घर द्यावं असं त्यांना वाटत असतं.

झाडाझाडाचा स्वभाव निराळा. स्नेक प्लँटला मी फुरसत देते, तो स्वतःच सांगतो. मातीखालचं जाड खोड वाढत जाऊन प्लास्टिकच्या कुंडीला फुगवतं, मग चीर पडते. तशी कुंडी घेऊन बाई येतात तेव्हा मला बरं वाटतं. झेडझेडच्या बुडाशी बटाट्याएवढे कंद असतात, पाण्याची कोठारं ती. त्याला तीन-चार वर्षं हात लावू नये. स्पायडर प्लँटची मांसल मुळं झाडाला कुंडीतून वर उचलतात. पीस लिली पाणी सरलं की मान टाकते आणि पाणी दिलं की तासाभरात उठते, या नाटकाला भुलून कुंडी पालटायची नाही; आठवड्यातून दोनदा नाटक व्हायला लागलं तर पालटायची. अॅरेकाची बारीक मुळं विंचरलेली त्याला सोसत नाहीत, गोळा तसाच उचलून ठेवायचा. डिफेनबेकियाला हात लावताना हातमोजे, त्याचा चीक अळूपेक्षा वाईट खाजवतो. रबर प्लँटचा दूधचीक कपड्यावरून जात नाही. बाटलीत पाण्यावर वाढवलेला मनीप्लँट मातीत लावला की पहिले काही दिवस रुसतो. पाण्यात फुटलेली मुळं मातीत फारशी उपयोगी पडत नाहीत, त्याला नवी काढावी लागतात. ऑर्किडचं शास्त्रच वेगळं. तिची मुळं कुंडीबाहेर लोंबली तरी चालतात, पण ज्या सोडणांत आणि कोळशात ती बसलीय ती सोडणं आपल्या पावसात दोन-तीन वर्षांत कुजून मऊ पडतात. तिथे झाड न वाढताही सामान पालटायचं.

तुळशीचं सांगायलाच हवं. तुळशीच्या लग्नाआधी आमच्याकडे तुळशीची रोपं संपतात. घरोघरची जुनी तुळस पावसाने आणि वयाने काटकी झालेली असते, ती काढून नवी लावायची असते, आणि महिन्याभरात तीच माणसं परत येतात, नवीही गेली म्हणून. दोष रोपाचा नसतो. वृंदावनातली माती आजेसासूबाईंच्या काळापासून बदललेली नसते. वरून दरसाल नवं रोप, आत तोच दगड झालेला गोळा, बुडाचं भोक बुजलेलं. पहारीने ते भोक मोकळं करायला आणि कोपरापर्यंत माती उपसायला मी सांगते, तेव्हा पुरुषमंडळी पाठ दुखते म्हणतात. एका काकूंना मी माती उपसायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, वृंदावन एक रात्रही रिकामं ठेवायचं नाही. मग आम्ही अर्धं उपसलं, त्या अर्ध्यात नवी तुळस लावली, ती धरल्यावर उरलेलं अर्धं. त्यांच्या अटीमुळे सुचलेली ही रीत मी आता उचलता न येणाऱ्या प्रत्येक मोठ्या कुंडीला वापरते. तेवढंही जमत नसेल तर वरची दोन इंच माती खरवडून काढायची आणि त्या जागी खत घातलेली नवी भरायची. कुंडी न पालटता पालटण्याचा हा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे, आणि निम्म्या झाडांना तेवढाच पुरतो.

लावताना बुंधा आधी जेवढा मातीत होता तेवढाच ठेवायचा. जास्त पुरला तर तो कुजतो. माती अंगठ्याने चेपायची नाही, कुंडी जमिनीवर दोनदा आपटली की ती आपोआप बसते. वर इंचभर जागा पाण्यासाठी. बुडातून येईपर्यंत एकदा पाणी, आणि मग बोट घालून कोरडं लागेपर्यंत काही नाही. आठ-दहा दिवस सावली. महिनाभर खत नको, तुटलेल्या मुळाला ते झोंबतं. एखादं खालचं पान पिवळं होऊन गळेल, त्याचा फोटो मला पाठवायचा नाही. नवा कोंब आला की पाठवा.

जुनी माती कोणी फेकून देऊ नये, म्हणून शेवटी हे. मुळं कुजलेल्या कुंडीतली असेल तर ती दुसऱ्या कुंडीत घालायची नाही, माडाच्या बुडाशी टाकायची. चांगल्या झाडाखालची असेल तर चाळून, मुळं वेचून, मे महिन्यात गच्चीवर काळ्या प्लास्टिकखाली पसरून आठवडाभर तापू द्यायची. मग तिच्यात अर्धं नवं खत मिसळलं की ती पुन्हा चालते. इमारतीत राहणाऱ्यांना गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडून मिळत नाही, अशी तक्रार आहे. त्यांनी माती गोणीत भरून आमच्याकडे आणून टाकावी, आम्ही तापवतो. गोणी परत न्यायला मात्र यावं.